बजेट कमी आहे तर जुनी मोठी टूरर बाईक घ्यायची की साधी ६५० सीसीची?

गिअरबदलू

सरळ बोलतो, कुणाला राग आला तर येऊ दे. ज्याच्याकडे बेताचे पैसे आहेत त्याने सेकंडहँड स्पोर्ट-टूरर, म्हणजे लांब पल्ल्याची पण चपळ बाईक, शोधताना ११०० सीसीच्या वरच्या गाड्यांकडे बघूच नये. सगळे तिथेच फसतात. पंधरा-वीस वर्षं जुनी भलीमोठी गाडी, इलेक्ट्रिक विंडस्क्रीन, एबीएस, मॅचिंग पॅनियर (बाजूच्या पेट्या), आणि मागितलेली किंमत एका बऱ्या ६५० इतकीच, मग माणूस पाघळतोच. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या पार्टची उतरत नाही ना राव. नवी असताना ती कंपनीची सगळ्यात महागडी गाडी होती, आजही पार्ट त्याच भावात येतात, मिळाले तर.

उदाहरण देतो. बीएमडब्ल्यूची आर ११५० आरटी. सुंदर गाडी, पण तिला सर्वो असलेले ब्रेक आहेत, म्हणजे लिव्हर दाबला की आतली इलेक्ट्रिक मोटर प्रेशर वाढवते. ते एबीएसचं युनिट गेलं की नव्याचा खर्च ऐकून लोक गाडीच विकायला काढतात, किंवा ते काढून साधी ब्रेक लाईन टाकून घेतात. डुकाटी एसटी२ घ्या, टायमिंग बेल्ट (इंजिनचे व्हॉल्व्ह चालवणारा पट्टा) दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी, कारण ते रबर आहे. आणि व्हॉल्व्ह बंद करायला स्प्रिंग नाही, वेगळा रॉकर (छोटी तरफ) आहे, म्हणजे सेटिंगचं काम डबल.

त्यापेक्षा सुझुकी एसव्ही ६५० एस नाहीतर कावासाकी निंजा ६५० घ्या. दोन सिलिंडर, हलकं वजन, पार्ट भरपूर. वर उंच स्क्रीन बसवा, कापडी बॅगा टाका, निघा.

हायवेवाला काका

गिअरबदलू, तू कधी ६५० वर मागे बायको, दोन बॅगा, वर टॉप बॉक्स आणि समोरून वारा असा दिवसभर गेलायस का? पुढचा ट्रक गाठायला दोन गिअर खाली टाकावे लागतात. त्या गाड्यांचं सस्पेन्शन एकट्या माणसासाठी आणि किमतीत बसवायचं म्हणून साधं दिलेलं असतं, लोड टाकला की मागून बसते आणि हेडलाईट आभाळात. स्क्रीन आणि बॅगा लावून टूरर होत नाही.

आता माझी बाजू ऐक. होंडा एसटी ११००. १९९० पासून २००२ पर्यंत जवळपास तीच गाडी बनवत राहिले, म्हणजे माहिती आणि जुने पार्ट दोन्ही मिळतात. २८ लिटरची टाकी. शाफ्ट ड्राईव्ह, म्हणजे चेनऐवजी दांड्याने चाक फिरतं, चेन ताणणं नाही, वंगण नाही, स्प्रॉकेट नाही, फायनल ड्राईव्हचं तेल बदललं की झालं. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या एसटी रस्त्यावर बघायला मिळतात आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही. यामाहाची एफजेआर १३०० घे, तिचा व्हॉल्व्ह तपासायचा पल्ला ४२,००० किलोमीटर आहे. तुझी ६५० तोवर एखाद-दोन चेन सेट खाऊन बसेल. खरेदीची किंमत काय बघतोस, किलोमीटरमागे किती पडतं ते बघ.

नटबोल्ट

दोघंही मॉडेलवर भांडताय. माझं काम गाड्या उघडायचं आहे, आणि मला मॉडेलपेक्षा आधीचा मालक कसा होता यात जास्त रस असतो.

आणि कृपा करून "कमी चाललेली आहे" हे ऐकून उड्या मारू नका. वीस वर्षांत अगदीच थोडी चाललेली गाडी म्हणजे वीस वर्षं उभी असलेली गाडी. फोर्क सील कडक झालेले, ब्रेकचे होस आतून फुगलेले, टाकीत गंज, कार्ब्युरेटर असेल तर जेट बंद आणि डायफ्रॅम चिरलेले, कूलंट कधी बदललंय देवाला ठाऊक. टायरची नक्षी नवीकोरी दिसेल पण बाजूला चार आकडे असतात ते वाचा, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. असल्या टायरवर घरी चालवत न्यायची पण रिस्क मी घेणार नाही. त्याउलट दरवर्षी नियमाने फिरलेली, ८०,००० झालेली, बिलांची फाईल असलेली गाडी मी डोळे झाकून, म्हणजे डोळे उघडे ठेवूनच, आधी घेईन.

व्ही४_वेडी

होंडाच्या व्हीएफआर ८०० चं नाव अजून कुणी घेतलं नाही? स्पोर्ट आणि टूरर दोन्ही शब्द जिला खरे लागू पडतात ती हीच. काकांची एसटी टूरर आहे, स्पोर्ट कुठाय त्यात, तीनशे किलोच्या वरचं धूड. आणि ६५० मध्ये टूरर कुठाय.

त्यातही १९९८ ते २००१ वाली बघा. तिच्यात कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) चेन नाही, गिअर आहेत, म्हणजे चेन सैल होणं, टेन्शनर खडखडणं हा विषयच नाही, आणि तो जो शिट्टीसारखा आवाज येतो ना त्यावर मी जीव टाकते. २००२ पासून व्हीटेक आलं, कॅमला चेन आली, खालच्या आरपीएमला सिलिंडरमागे दोनच व्हॉल्व्ह चालतात आणि सातेक हजारला बाकीचे दोन उघडतात. वाईट गाडी नाही, पण व्हॉल्व्ह तपासणं किचकट, म्हणून मजुरी जास्त. बजेट कमी असेल तर व्हीटेकच्या आधीची.

गिअरबदलू

@व्ही४_वेडी रेग्युलेटर-रेक्टिफायर (बॅटरीच्या चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणारा भाग) विसरलीस का सोयीस्करपणे? या गाड्यांचं ते जगजाहीर दुखणं. आणि कार्ब्युरेटर नाही म्हणून खूश होऊ नकोस, कूलंटचे होस सिलिंडरच्या त्या व्ही आकाराच्या पोटात आहेत, तिथे हात घालायचा तर अर्धी गाडी सोडायची.

@काका एसटीची पण तीच कथा. सुरुवातीच्या वर्षांत २८ अँपिअरचा अल्टरनेटर (वीज बनवणारा भाग) होता, तो कमजोर, म्हणून नंतर ४० चा दिला. आणि कार्ब्युरेटर काढायचे तर आधी फेअरिंग, मग एअर फिल्टरचा डबा, मग शिव्या. शाफ्टला मेंटेनन्स नाही हे खरं, पण स्प्लाईनला, म्हणजे शाफ्टच्या जोडावरच्या दात्यांना, ग्रीस लावलं नसेल तर ते दाते झिजतात आणि तेव्हा तू चेनची आठवण काढशील. चेन सेट कुणीही घराच्या अंगणात बदलतो.

हायवेवाला काका

मागचं चाक टायर बदलायला काढतोसच, तेव्हाच ग्रीस लाव. दहा मिनिटं. एवढा आळस असेल तर सायकल घे.

व्ही४_वेडी

रेग्युलेटर हे काय न सांगितलेलं गुपित आहे का? मल्टीमीटर घेऊन जा. गाडी चालू करून बॅटरीच्या टोकांवर बघायचं, पाचेक हजार आरपीएमला साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट आले तर ठीक. तेरापेक्षा कमी किंवा पंधराच्या वर गेलं तर भाव पाडा नाहीतर घरी या. मॉस्फेट टाईपचा (वेगळ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचा) रेग्युलेटर लावून घेतला की तो थंड चालतो, वायरिंगचे जोड जळाले असतील तर तेही नवे करा, विषय संपला. माहितीचं दुखणं परवडतं.

मागच्या सीटवरून

तुमचं सगळं वाचलं. सिलिंडर, शाफ्ट, अँपिअर. पाठीमागे जी बसणार तिला एकानेही काही विचारलं नाही.

गिअरबदलू सांगतायत ती एसव्ही ६५० एस, तिचं हँडल खाली वाकलेलं, चालवणाऱ्याच्या मनगटाची वाट, आणि मागची सीट म्हणजे वीतभर उंच फळी, फूटपेग इतके वर की गुडघे कानाला लागतात. धरायला हँडल असलं तर नशीब. प्रत्येक ब्रेकला मी पुढे घसरणार आणि हेल्मेट हेल्मेटवर आपटणार. तासाभरात भांडण होणार हे लिहून ठेवा. दोघं फिरणार असाल तर बघायलाच दोघं जा, दोघं बसा, सायलेन्सरची धग पोटरीला लागतेय का बघा. पॅनियर लावून पाय ठेवायला जागा उरते का तेही. आणि हो, विकणारा "पिलियन कम्फर्टेबल आहे" म्हणाला तर त्यालाच मागे बसवा.

शांत_सायलेन्सर

सुझुकी बँडिट १२५० एस. एवढंच बोलून जाणार होतो पण लिहितो.

२००७ ला आली, वॉटर कूल्ड, फ्युएल इंजेक्शन. ताकद आकड्यात बघितली तर शंभरच्या आतबाहेर, काही विशेष नाही, पण टॉर्क इतका खालून येतो की टॉप गिअरमध्ये टाकून विसरून जावं. हँडल सरळ, सीट रुंद, मागची पण बरी. चेन आहे पण बाकी अवघड काहीच नाही. त्याआधीची १२०० अजून सोपी, एअर-ऑईल कूल्ड, व्हॉल्व्ह सेटिंगला स्क्रू आणि नट, शिमची (मापाच्या चकत्या बदलायची) भानगड नाही, थोडा हात असलेला माणूस स्वतः करतो. फक्त कार्ब्युरेटर आहेत तिला. दिसायला कुणी वळून बघत नाही म्हणून स्वस्त मिळते, आपला फायदा.

व्ही४_वेडी

बँडिट म्हणजे स्थळाच्या बायोडेटातला "निर्व्यसनी, सरकारी नोकरी". तक्रारीला जागा नाही, पण...

शांत_सायलेन्सर

चालेल. माझी सकाळी चालू होते.

गिअरबदलू

बँडिट १२५० मी मान्य करतो, कारण ती मोठी असली तरी गुंतागुंतीची नाही. माझा राग इंजिनच्या साईजवर कधीच नव्हता, पंधरा वर्षं जुन्या इलेक्ट्रॉनिक्सवर आहे. मागच्या सीटवरून जे म्हणाल्या तेही बरोबर, मग निंजा ६५० किंवा कावासाकीचीच व्हर्सिस बघा, हँडल उंच आहे. पण बजेटमधला एक तृतीयांश बाजूला ठेवायचा, यावर मी हटणार नाही. टायर, ब्रेक फ्लुइड, कूलंट, बॅटरी, चेन, फोर्क सील, हे सगळं पहिल्या महिन्यातच निघतं. ते पैसे ठेवल्यावर जी गाडी बसते ती तुमच्या बजेटची गाडी. एफजेआरला सगळे पैसे ओतून मग जुन्या टायरवर फिरणारे खूप बघितलेत.

हायवेवाला काका

एक तृतीयांश? मग उरलेल्यात भंगारच येणार. त्यापेक्षा तेच पैसे घालून ज्याने हे सगळं आधीच केलंय त्याची गाडी घे. दुसऱ्याने घातलेला खर्च विकताना कधीच वसूल होत नाही, तो आपल्याला जवळपास फुकट मिळतो. नवे टायर, नवी बॅटरी, बिलं हातात, अशीच शोधायची. वेळ लागतो, लागू दे.

नटबोल्ट

काका इथे बरोबर आहेत, फक्त बिलावरचा चेसिस नंबर आणि गाडीवरचा जुळवून बघा, फाईल दुसऱ्याच गाडीची असते कधीकधी. थोडे पैसे तरी पण हातात ठेवाच.

जाताना फोन करून सांगा की इंजिन थंड ठेवा, आणि पोचल्यावर आधी हात लावून बघा. गरम लागलं तर विचारा का. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा, मध्यावर अडकल्यासारखं झालं तर स्टेअरिंगच्या बेअरिंगला खड्डे पडलेत. फोर्कच्या नळीवर बोट फिरवा, तेल लागतंय का. फेअरिंगचे स्क्रू बघा, वेगवेगळ्या जातीचे असतील तर कुणीतरी घाईत उघडलीये. हँडलची टोकं, लिव्हरची टोकं, फूटपेग घासलेत का. पुढच्या फोर्कच्या मागे फ्रेमवर स्टेअरिंगचे स्टॉप असतात, ते वाकलेले किंवा तुटलेले असतील तर गाडी नुसती पडलेली नाही, जोरात आपटलीये. रंग कितीही चकचकीत असू दे, परत फिरा.

मागच्या सीटवरून

आमच्याकडे शनिवारी दोन गाड्या बघायला जायचंय. एक एसटी ११००, एक बँडिट १२५०. मल्टीमीटर यांच्याकडे आहे. बसून मी बघणार आहे.

गिअरबदलू

एसटी असेल तर टाकी पूर्ण भरलेली असताना ती स्टँडवरून काढून, वळवून, ढकलून बघायला सांगा त्यांना. चालवताना सगळेच बादशहा असतात, जरा उतार असलेल्या पार्किंगमध्ये ते तीनशे किलो मागे ढकलायचे असतात तेव्हा बोला.

हायवेवाला काका

उताराला तोंड करून लावायचीच कशाला, आधी वळवून लाव की.