मदत हवी आहे: नववीच्या पोरीला आलेखातला 'चढ' कसा समजावून सांगू?

नमस्कार मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. पोरगी यंदा नववीत, मराठी मिडियम. विज्ञानाचा पहिलाच धडा 'गतीचे नियम' आणि तिथंच अडलं. घटक चाचणीत अंतर-काल आलेख दिला होता, रेघ आधी वर जाते, मग थोडी आडवी, मग उतरत उतरत खाली शून्यावर येते आणि विचारलं होतं की गाडीच्या गतीचं वर्णन करा. हिनं लिहिलं, गाडी चढ चढली, मग सपाट रस्त्यानं गेली, मग उताराला लागली. सगळं चूक. वर्गात सांगितलं की आडवी रेघ म्हणजे थांबली, पाठ करून टाका. हिनं पाठ केलं, आणि पुढच्या पेपरात वेग-काल आलेख आला, २० मीटर/सेकंदावर सरळ आडवी रेघ, तिथं हिनं लिहिलं की गाडी थांबलेली आहे. तेही चूक!

घरी येऊन मला म्हणते, "काऊन वं आई, रेघ तर तशीच आडवी हाय, मंग एका जागी उभी अन् एका जागी पळून रायली, हे कसं?" माझ्याजवळ उत्तर नव्हतं. मी बारावी आर्ट्स, गणित दहावीतच सुटलं. पोरगी हुशार आहे हो, पाठांतरात नाही पण प्रश्न विचारण्यात, आणि आता म्हणते विज्ञान आपल्या बसचं नाही. रात्री वही उशाशी घेऊन रडून झोपली. वावरातून आल्यावर संध्याकाळी तासभर मी तिच्याजवळ बसू शकते, पण सांगू काय ते कोणीतरी मला आधी सांगा. घरच्या गोष्टींतून सांगता आलं तर फार बरं होईल.

पळसफूल:
ताई, मी पुसदकडे हायस्कूलला विज्ञान शिकवतो. दरवर्षी वर्गातली कितीतरी पोरं हेच लिहितात आणि मला वाटते दोष आपल्या शब्दातच आहे. आपल्याकडे चढ म्हटलं की घाटी डोळ्यापुढं येते, बंडीचे बैल जिथं तोंडाला फेस आणतात तो चढ. गणितातला चढ वेगळा, आडवं इतकं सरकलं तर रेघ उभी किती सरकली, तो भागाकार. अंतर-काल आलेखात आडव्या अक्षावर मिनिटं असतात आणि उभ्यावर घरापासूनचं अंतर, म्हणजे कागदावर रस्ता कुठं काढलेलाच नाही. त्यामुळे तिथं चढ म्हणजे दर मिनिटाला किती अंतर कापलं, म्हणजेच वेग. रेघ जितकी उभट तितका वेग जास्त, आडवी झाली तर वेळ जातो आहे पण अंतर वाढत नाही, म्हणून थांबली. रेघ खाली आली तर घरापासूनचं अंतर कमी होते आहे, म्हणजे माणूस परत येतो आहे.

पोरगी शाळेत कशी जाते? सायकलनं जात असेल तर पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवा, तिलाच मोबाईलवर वेळ पाहून लिहायला सांगा की कुठं किती वाजता पोचली. आणि तिच्याच रस्त्याचा आलेख तिच्याच हातानं काढू द्या.

धागा काढणारी ताई:
सर, तुम्ही सांगितलं तसं केलं. मानव विकास योजनेतून मिळालेली सायकल आहे तिच्याजवळ, शाळा ५ किलोमीटर. अंतर तिच्या बाबानं गाडीच्या मीटरवर मोजून दिलं, मिनिटं तिनं लिहिली. घरापासून पांदणीनं, म्हणजे वावरातल्या कच्च्या वाटेनं, १.५ किलोमीटर, १० मिनिटं, पाऊस झाल्यामुळे काळी माती चाकाला धरत होती. फाट्यावर मैत्रिणीची वाट पाहिली ५ मिनिटं. तिथून रपट्यापर्यंत, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलापर्यंत, २.५ किलोमीटर, रस्ता डांबरी आणि हलकासा उताराचा, १० मिनिटांत गेली. रपट्यापासून शाळेपर्यंत १ किलोमीटर घाटी आहे, तिथं दोघीही सायकल हातात धरून ढकलत नेतात, १५ मिनिटं लागली. एकूण ४० मिनिटं.

ग्राफपेपरवर ५ मिनिटाला १ सेंटीमीटर आणि १ किलोमीटरला २ सेंटीमीटर धरून तिनं ठिपके दिले. पट्टी ठेवून रेघा जोडल्या आणि पेन्सिल तशीच हातात धरून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, घाटी तर इथं शेवटी हाय, अन् इथंच रेघ लोळली!" आणि जिथं रस्ता उताराचा तिथं रेघ सगळ्यात उभट. रस्त्याच्या बरोब्बर उलटं. मी सुद्धा दोनदा बोट फिरवून पाहिलं. सर, हे बरोबर आहे ना? का आमचं काही उलटसुलट झालं?

पळसफूल:
बिलकुल बरोबर आहे ताई, आणि हे तिला तिचं तिलाच दिसलं याचा मला फार आनंद झाला. आता आकडे काढा. पांदणीवर १.५ किलोमीटर १० मिनिटांत म्हणजे ताशी ९. फाट्यावर शून्य. डांबरी रस्त्यावर २.५ किलोमीटर १० मिनिटांत, ताशी १५. घाटीवर १ किलोमीटरला १५ मिनिटं, ताशी ४, म्हणजे पायी चालण्याचाच वेग. घाटीनं तिला हळू केलं, म्हणून रेघ लोळली. पूर्ण प्रवासाची सरासरी काढायची तर ५ किलोमीटर भागिले ४० मिनिटं, ताशी ७.५, थांबलेली ५ मिनिटंही त्यात धरायची. पोरं ती ५ मिनिटं हमखास सोडतात.

वर्धाकाठ:
मी बीएस्सीला आहे, एक सांगू का. नुसत्या डोळ्यानं उभट-लोळती ठरवू नका, तिच्या मैत्रिणीनं १ किलोमीटरला ४ सेंटीमीटर धरले तर त्याच घाटीची रेघ उभट दिसेल, वेग मात्र ताशी ४ चाच येईल. अक्षावर काय लिहिलं आहे, एकक काय आहे, हे वाचल्याशिवाय रेघेकडे पाहायचंच नाही.

आता तिचा दुसरा प्रश्न. वेग-काल आलेखात उभ्या अक्षावर अंतर नाहीच, वेग आहे. म्हणून आडवी रेघ म्हणजे वेग बदलत नाही, गाडी त्याच वेगानं पळते आहे. थांबलेली गाडी पाहिजे असेल तर रेघ आडवी आणि तीही शून्यावर टेकलेली पाहिजे. एसटीचं उदाहरण घ्या. स्टॉपवरून निघाली, २० सेकंदांत शून्यावरून १५ मीटर/सेकंद झाली, म्हणजे ताशी ५४. त्याच वेगानं ६० सेकंद गेली, मग ड्रायव्हरनं ब्रेक दाबला आणि १० सेकंदांत उभी राहिली. इथं चढ म्हणजे त्वरण, दर सेकंदाला वेग किती बदलला ते, सुरुवातीला ०.७५ मीटर/सेकंद वर्ग, मधात शून्य, ब्रेकच्या वेळी उणे १.५. आणि रेघेखालचं क्षेत्रफळ काढलं की अंतर मिळते, पहिला त्रिकोण १५०, मधला आयत ९००, शेवटचा त्रिकोण ७५, मिळून ११२५ मीटर. बसमध्ये बसल्यावर तिला विचारा, पाठ सीटला केव्हा टेकली आणि पुढच्या दांडीला हात केव्हा गेला. तिथंच त्वरण असते. मधात बस जोरात पळत असते पण अंगाला काही कळत नाही.

बडनेराजंक्शन:
आमच्या घरी रेल्वेची नोकरी होती म्हणून लिहितो. कंट्रोल ऑफिसात सेक्शन कंट्रोलर पूर्वी मोठ्या कागदावर पेन्सिलीनं गाड्यांचा चार्ट ओढायचे, आता ते काम कॉम्प्युटरवर होते. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं एकाखाली एक, अकोला, बोरगाव, मूर्तिजापूर, कुरूम, बडनेरा अशी. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरपी रेघ. एक्सप्रेसची उभट, मालगाडीची लोळती, स्टेशनात उभी असली तर तेवढी आडवी. बडनेऱ्याकडून अकोल्याला जाणाऱ्या गाडीची रेघ उलट्या बाजूला तिरपी. दोन रेघा जिथं एकमेकींना कापतात तिथं त्या गाड्या समोरासमोर येतात, नाहीतर एक दुसरीच्या पुढं निघते. मालगाडी कोणत्या स्टेशनात बाजूला घ्यायची हे त्या कागदावर आधीच दिसायचं. पोरीला सांगा, ती जे काढून रायली त्यावर गाड्या चालतात.

धागा काढणारी ताई:
सगळ्यांचे मनापासून आभार. रेल्वेचा चार्ट वाचून तिनं काल स्वतःहून परतीचा आलेख काढला. शाळेतून निघाल्याबरोबर घाटीचा उतार, १ किलोमीटर ३ मिनिटांत, तर रेघ ५ वरून ४ वर धाडकन खाली. मला भीती वाटली की आता पुन्हा म्हणेल, बघ, रस्ता उताराचा म्हणून रेघ उताराची. पण पुढं रपट्यापासून फाट्यापर्यंत परतीत चढ लागतो, तिथं २० मिनिटं लागली, आणि रेघ तिथंही खालीच जात होती, फक्त लोळत. तिनंच बोट ठेवून मला दाखवलं, "रस्ता चढाचा असू दे नाईतर उताराचा, घर जवळ येऊन रायलं ना, मंग रेघ खालीच येईन."

एकच राहिलं सर. घाटी उतरतानाचा तिचा वेग ताशी २० आला, पण सूत्रात घातलं तर उणे २० येते. पेपरात काय लिहायचं?

पळसफूल:
चाल, म्हणजे दिशा न पाहता नुसतं किती जोरात, हे विचारलं तर ताशी २० किलोमीटर. वेग विचारला तर उणे २०, कारण वेगात दिशाही धरतात, शाळेकडची दिशा आपण अधिक धरली आणि ती घराकडे येते आहे. दोन्ही उत्तरं बरोबर, प्रश्नातला शब्द पाहून लिहायचं. आणि तो सायकलचा ग्राफपेपर फाडू नका, माझ्या वर्गाला दाखवायला त्याचा एक फोटो इथं टाका ताई.