मदत हवी आहे: बोटीतलं टॉयलेट सारखं तुंबतंय, हातपंपही जड चालतो

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकचे. आमची २४ फुटी जुनी केबिन बोट आहे. पावसाळाभर ती अंबड एमआयडीसीत दिरांच्या शेडमध्ये ट्रेलरवर उभी असते आणि दिवाळी झाली की कसारा घाट उतरून मांडव्याला जाते. इंजिन नवरा बघतो. टॉयलेटचं काम मी मागून घेतलंय, त्याचं कारण आधी सांगते.

पहिल्या वर्षी बोटीत टॉयलेट नव्हतं. सासूबाई आमच्यासोबत आल्या होत्या, वय ७१. दिवसभरात पाण्याचा घोटही घेतला नाही त्यांनी. मला वाटलं, बोट लागत असेल. संध्याकाळी जेट्टीवर उतरताना त्यांना चक्कर आली तेव्हा कळलं, जायला जागा नाही म्हणून त्या प्यायल्याच नव्हत्या. खरं सांगायचं तर मी, नणंद, माझी मुलगी, आम्हीही तेच करत होतो. कुणी बोललो नव्हतो इतकंच. म्हणून हे टॉयलेट नीट चालणं माझ्यासाठी इंजिनाइतकंच महत्त्वाचं आहे.

आता अडचण. हातपंपाचं मरीन टॉयलेट आहे. मैल्याची नळी ३८ मिमीची, एकूण ४ मीटर. ती आधी वर चढते, मग वळून ४५ लिटरच्या टाकीत उतरते. समुद्रात आम्ही काहीही सोडत नाही. टाकी भरत आली की बोट ट्रेलरवर घेतो आणि सेप्टिक टँक उपसणारी गाडी बोलावतो.

गेल्या मोसमात दोनदा तुंबलं. दुसऱ्या वेळी मी स्वतः खोललं. पंपाच्या तोंडाशी असलेल्या रबरी जोकर व्हॉल्व्हच्या (मैला मागे येऊ न देणारी झडप) ओठांवर पांढरा, दगडासारखा थर बसला होता. व्हॉल्व्ह नवा टाकला. या दिवाळीनंतर शेडमध्येच नुसतं पाणी घालून पाहिलं, अजून कुणी वापरलंही नव्हतं, तरी पंपाचे आठ-दहा हात मारल्यावर दांडा जड झाला आणि पाणी हळूहळू भांड्यात परत आलं. टाकी तपासायला डेकवरचं झाकण फिरवलं तर फुस्स करून वास बाहेर आला.

ओळखीच्या प्लंबरने घरच्या ड्रेनमध्ये टाकतात ती पावडर सुचवली आहे. अजून टाकलेली नाही. टाकू का? की पंपच बदलायला हवा?

प्रतिसाद (रत्नागिरी)

ताई, पावडर अजिबात टाकू नका. ती कॉस्टिक असते, पाण्यात गरम होते आणि पंपातलं रबर खराब करते. त्या पांढऱ्या थरावर तिचा उपयोगही नाही. तो थर म्हणजे लघवीतले आणि समुद्राच्या पाण्यातले क्षार एकत्र येऊन बसलेले असतात. तो आम्लाने सुटतो. मी जहाजावर इंजिन विभागात होतो, असे पाइप कापून पाहिलेत. थर बसत बसत भोक निम्म्यावर येतं.

माझ्या मते मूळ चूक पाणी कमी मारण्याची आहे. ३८ मिमीच्या नळीत दर मीटरला साधारण १.१ लिटर पाणी मावतं. तुमची नळी उंच टोकापर्यंत अडीच मीटर धरली तर पावणेतीन लिटरच्या वर पाणी ढकलल्याशिवाय मैला ते टोक ओलांडत नाही. पाहुणे पाच-सहा हात मारतात, भांडं स्वच्छ दिसतं, बाहेर येतात. सगळं नळीतच राहतं आणि व्हॉल्व्हवर मागे येऊन बसतं. भांड्यात १ लिटर पाणी ओतून ते किती हातांत जातं ते मोजा, तीनाने गुणा आणि तो आकडा दारावर लिहा. टाकी लवकर भरेल, त्याला इलाज नाही.

आठवड्यातून एकदा रात्री पांढरं व्हिनेगर ओतून थोडे हात मारा, सकाळपर्यंत नळीत राहू द्या. पंप कोरडा वाटला तर दोन चमचे गोडेतेल घाला. ब्लीच नको, रबर खराब होतं. आणि ब्लीचवर आम्ल तर कधीच ओतू नका, बंद केबिनमध्ये क्लोरीन वायू जिवावर बेतेल. जोकर व्हॉल्व्ह दर वर्षी बदलायचा. टॉयलेट पेपर पाण्याच्या बरणीत टाकून हलवा. विरघळून लगदा झाला तरच वापरा. वेट वाइप्स आणि पॅड डब्यात.

प्रतिसाद (निफाड)

वरचे काका बरोबर सांगतायत, पण ते गेल्या मोसमातल्या तुंबण्याबद्दल झालं. नव्या व्हॉल्व्हवर, नुसत्या पाण्याने दांडा जड झाला त्याचं काय? मला बोटीतलं काही कळत नाही, माझी द्राक्षबाग आहे. फवारणीच्या टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं की पंप टाकीतून ओढतो आणि टाकी आत दबायला लागते. तुमच्याकडे त्याच्या उलट होतंय. तुम्ही पाणी आत ढकलताय आणि हवेला बाहेर जायला वाट नाही. फुस्स आवाज त्याचाच. डेकवरचं झाकण उघडं ठेवून पंप मारून बघा ताई. हलका चालला तर पंपाला हात लावू नका, टाकीची हवेची नळी शोधा.

धागाकर्ती

दादा, तसंच निघालं! झाकण उघडं ठेवलं तर दांडा एका हाताने चालला. मग हवेची नळी टाकीपाशी सोडवली आणि बोटीच्या बाहेरच्या तोंडाशी टॉर्च धरला. आत कुंभारीण माशीचं घर. बोटभर लांबीची वाळलेली माती, तिच्यात कोळी भरून ठेवलेले. शेडमध्ये चार महिने बोट उभी, तिला आयतंच बीळ मिळालं. तार बाहेरून आत घातली नाही, माती टाकीत गेली असती. नळी काढून उलटीकडून ढकलून पाडली, मग पाण्याने धुतली.

काकांनी सांगितलेलं मोजमापही केलं. १ लिटरला ७ हात लागतात. म्हणजे २१. आम्ही आजवर कधी १० च्या वर मारले नव्हते! दारावर कागद लावलाय, सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसेल एवढा मोठा आकडा. व्हिनेगर आज रात्री.

एकच विचारायचं राहिलं. हवेच्या तोंडावर कायमची बारीक जाळी बसवू का?

प्रतिसाद (रत्नागिरी)

कायमची नको. बारीक जाळीत मीठ आणि धूळ बसली की पुन्हा हेच होईल. मोसमात तोंड मोकळं ठेवा, महिन्यातून एकदा टॉर्च मारा. पावसाळ्यात शेडमध्ये टाकी रिकामी करून धुतली की तोंडाला कापडाचा बोळा घाला आणि त्याला लांब लाल फीत बांधा. फितीचं दुसरं टोक पंपाच्या दांड्याला बांधून ठेवा, म्हणजे बोळा काढल्याशिवाय पहिला हातच मारता येणार नाही.