शिव्या आणि रडगाणं? आधी रिचर्ड प्रायर ऐका, मग बोलू

सासवडकर:
काल एकाने लिहिलं होतं की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कॉमेडियनांकडे दोनच गोष्टी असतात, शिव्या आणि गुलामगिरीचं रडगाणं, आणि हेच गोऱ्याने केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती. तो धागा बंद झाला म्हणून इथे लिहितोय, डोकं फिरलंय माझं.

अहो, गोऱ्यांनी केलंच की, शंभर वर्षं केलं! १८३० च्या सुमारास थॉमस राईस नावाचा गोरा नट तोंड काळं करायला जळकं बूच चोळून जिम क्रो नावाचं कृष्णवर्णीय पात्र नाचवायचा, पुढे दक्षिणेतल्या भेदभावाच्या कायद्यांना त्याचंच नाव पडलं. नोकरी कुठली जाते, त्यावर धंदे उभे राहिले. बर्ट विल्यम्स हा विनोदी नट तर स्वतः कृष्णवर्णीय, १९१० मध्ये झिगफेल्ड फॉलीज या न्यूयॉर्कच्या मोठ्या स्टेज शोमध्ये गोऱ्यांच्या बरोबरीने स्टेजवर आला, तरी चेहऱ्याला बूच फासूनच, कारण प्रेक्षकांना तोच नमुना बघायचा होता.

मग १९६१ ला शिकागोच्या प्लेबॉय क्लबमध्ये डिक ग्रेगरी हा कृष्णवर्णीय कॉमेडियन सूट घालून उभा राहिला. समोर दक्षिणेतून आलेले फ्रोजन फूडच्या धंद्यातले गोरे, आणि याने त्यांच्यासमोर त्यांच्याच भेदभावावर जोक मारले आणि त्यांना हसवलं. यात रडगाणं कुठे आहे दाखवा. रिचर्ड प्रायर हा कृष्णवर्णीय कॉमेडियन इलिनॉयमधल्या पिओरियात आजीच्या कुंटणखान्यात वाढला, आधी कॉमेडियन बिल कॉस्बीसारखं सोज्वळ करायचा, १९६७ ला लास वेगासमध्ये भरल्या स्टेजवरून निघून गेला. त्यानंतर त्याने गल्लीतले दारुडे, दलाल, मडबोन या त्याच्या पात्रासारखे गप्पिष्ट म्हातारे स्टेजवर आणले. ही माणसं शिव्या देतात कारण ती तशीच बोलतात.

परखड_पुणेकर:
इतिहासाच्या तासाबद्दल आभार. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या राईसचं बिल आजच्या माणसाने का भरायचं? आणि तुम्ही निवडून निवडून हिरे काढलेत. डेफ कॉमेडी जॅम लावा, १९९२ पासूनचा कृष्णवर्णीय कॉमेडियनांचा टीव्ही शो, "गोरे असे चालतात, आम्ही असे चालतो" हे किती वेळा ऐकायचं? जोक तो जोक, कोणी मारला यावर तो चांगला का वाईट ठरणार असेल तर मग नियम काय राहिला?

मंजिरी_के:
ठरतो ना, कोणी मारला आणि कोण हसतंय यावरच ठरतो. आम्ही अटलांटात असताना एका क्लबात पुढच्या रांगेत बसलो होतो, स्टेजवरच्या कृष्णवर्णीय पोराने विचारलं इंडियन का, डॉक्टर की आयटी, आणि नवऱ्याचं असं काही सोलून काढलं की आम्हीच सगळ्यात जास्त हसलो. मी हौसेने ऑफिसात सांगितलं. तर एका गोऱ्या सहकाऱ्याने तोच जोक पुढे महिनाभर प्रत्येक मीटिंगला मारला. शब्द तेच, पण मला मीटिंगला जायची भीती बसली.

कृष्णवर्णीय कॉमेडियन डेव्ह शॅपेल २००५ मध्ये स्वतःच्या टीव्ही शोचा ५ कोटी डॉलरचा करार सोडून दक्षिण आफ्रिकेत डर्बनला निघून गेला तो याच्यासाठीच. तोंड काळं केलेल्या परीचं स्केच शूट होत होतं, सेटवरचा एक गोरा माणूस हसला आणि ते हसणं त्याला खटकलं. लोकांनी लगेच वेडा झाला, ड्रग्ज घेतो म्हणून उठवलं.

न्यूजर्सीवाला:
सगळं यांच्याबद्दलच. आमच्या ॲक्सेंटवर, आमच्या दुकानांवर, जेवणाच्या वासावर सगळ्या रंगाचे लोक जोक मारतात त्याचं कुणाला काही आहे का? आमच्या लोकांनी मोर्चे नाही काढले, अभ्यास केला, डबल शिफ्ट केल्या, घरं घेतली.

सासवडकर:
दादा, घर घ्यायला आत कसे आलात? १९४६ च्या कायद्याने वर्षाला फक्त १०० भारतीयांना प्रवेश होता. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि आपल्याला दार उघडणारा १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा एकाच वाऱ्यात झाले. तुम्ही न काढलेले मोर्चे दुसऱ्यांनी काढले होते आणि डोकी फोडून घेतली होती.

न्यूजर्सीवाला:
म्हणजे आता व्हिसासाठीही उपकार मानायचे? माझ्या वडिलांनी शेत गहाण टाकून मला पाठवलं, तेव्हा कोणी आलं नव्हतं मदतीला. इंडियात बसून अक्कल शिकवू नका.

मंजिरी_के:
मी इंडियात बसलेली नाही. आपल्या मंडळाच्या पिकनिकला "त्या एरियात घर घेऊ नका, तिथे 'ते' लोक आहेत" हे मी मराठीतून ऐकलंय, आणि सांगणारी काकू दर रविवारी टीव्हीवर त्यांचेच शो बघून हसते. याचा मला तुमच्या ॲक्सेंटवाल्या जोकपेक्षा जास्त राग येतो.

औरंगाबादी_गडी:
फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या लोकांना अर्पण केलं. बाबासाहेबांनी १९४६ ला अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली ती अमेरिकेत ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेकडे बघूनच. त्यामुळे "आपला काय संबंध" हे महाराष्ट्रात तरी बोलू नका.

आणि रडगाण्याचं म्हणाल तर माझे आजोबा जलशात सोंगाड्या होते. भटजीबुवा दक्षिणा मागतायत असं सोंग आणायचे, आमची वस्ती पोट धरून हसायची, कडेला उभे असलेले पाटील गप्प. आजोबा सांगायचे, रडलो असतो तर त्यांना बरं वाटलं असतं. प्रायर ऐकताना मला ते आठवतात.

परखड_पुणेकर:
हे जलशाचं पटलं, ते माझ्या डोक्यात नव्हतं. ग्रेगरीही ऐकतो. पण डेफ कॉमेडी जॅमबद्दलचा शब्द मागे घेणार नाही, ते आळशी काम आहे.

सासवडकर:
बरंच आळशी आहे, मान्य. पण तिथलाच बर्नी मॅक बघा. प्रेक्षक आधीच बिथरलेले, हुर्यो चाललेली, आणि हा आल्या आल्या त्यांनाच सांगतो की मी तुम्हाला घाबरत नाही. न्यूयॉर्कमध्ये हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतल्या अपोलो थिएटरात १९३४ पासून ॲमॅच्युअर नाईट, म्हणजे हौशी कलाकारांची रात्र होते, तिथे आवडलं नाही तर लोक ओरडून माणसाला स्टेजवरून उतरवतात. अशा लोकांसमोर रडगाणं दोन मिनिटं टिकत नाही.

न्यूजर्सीवाला:
बर्नी मॅक मला आवडतो, तो वेगळा. १९६५ च्या कायद्याबद्दल मी वाचून येतो, पण शेत माझ्या बापाचं गेलं होतं, हे लिहून ठेवा.