'फक्त मेहनत' म्हणणाऱ्यांनी आधी लातूरला रूम करून बघा

सोयाबीनवाला: काल इथे एकांनी लिहिलंय की नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, ज्याने अभ्यास केला तो लागला, परिस्थिती वगैरे सगळं रडगाणं, त्यांच्या मुलीला कुठलंही आरक्षण न घेता ७२० पैकी ६४० पडले. पोरीचं अभिनंदन. पण वाचून डोकं फिरलं. माझा पुतण्या लातूरला नीटच्या क्लाससाठी होता. क्लासची फी, रूमभाडं, मेसचं जेवण मानवेना म्हणून शेवटी वहिनी तिकडे जाऊन राहिल्या, इकडे दादा एकटाच घर आणि शेत बघत होता. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२, आडतीवर घातलं चार हजारांच्या आसपास. पोराचा एमबीबीएसचा नंबर थोडक्या मार्कांनी हुकला. रिपीट करायला पैसे कुठून आणायचे, बीएस्सीला घातला. शेजारच्या रूममधला, त्याच्यापेक्षा कमी मार्कांचा, रिपीट करून आज एमबीबीएसला आहे. रात्री एकच्या आधी दोघांच्याही खोलीतला दिवा बंद व्हायचा नाही.

कोथरूडची आई: ती पोस्ट माझी होती. आम्ही काय बंगल्यात राहतो? वन बीएचके आहे, टीव्ही काढून टाकला, सणाला गावी गेलो नाही. उत्पन्न आठ लाखांच्या जरासं वर, म्हणून ईडब्ल्यूएस, म्हणजे खुल्या वर्गातल्या गरिबांचं आरक्षण, पण नाही. मध्यमवर्गाने फक्त टॅक्स भरायचा. आणि मेडिकल प्रवेशातला तो ७०:३० चा विभागवार कोटा काढला तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांच्या सीटा लातूरवाले घेऊन जातात, त्यावर कोणी बोलत नाही.

सोयाबीनवाला: थांबा थांबा. २०२० पर्यंत ७० टक्के सीटा त्या-त्या विभागातल्या पोरांना होत्या, मराठवाड्यात कॉलेजं कमी, म्हणून आमची पोरं जास्त मार्क पाडून घरी बसायची. तेव्हा तुम्हाला मेरिट आठवलं नाही. तुमच्या मुलीला मार्कांवर सीट मिळाली तर ती मेहनत, आणि आमच्या पोरांनी मार्कांवरच घेतली तर 'घेऊन जातात'?

वऱ्हाडी डॉक्टर: ७०:३० वर भांडत बसा तुम्ही. २०२३ ला नीट पीजीचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या प्रवेश परीक्षेचं, कटऑफ शून्य पर्सेंटाइलवर आणलं, सीटा रिकाम्या राहतात म्हणून. म्हणजे परीक्षेला बसलेला जवळपास प्रत्येक जण पात्र, पुढे खाजगी कॉलेजची फी ज्याच्या बापाला झेपेल तो आत. आरक्षणावर तावातावाने बोलणारे माझे बॅचमेट तेव्हा चिडीचूप होते.

कोथरूडची आई: शून्य पर्सेंटाइल चुकीचंच होतं, तेवढं मान्य. पण त्यात माझ्या मुलीचा काय दोष? आणि लातूरला सगळे गरीबच येतात असं भासवू नका, तिथे गाडीने सोडायला येणारे पालक मी स्वतः पाहिलेत.

सोयाबीनवाला: येतात ना, गाडीवाले पण येतात आणि जमीन गहाण टाकून पण येतात. पेपर दोघांना एकच. एक वर्ष हुकलं तर गाडीवाल्याचं वर्ष जातं, आमचं शिक्षणच बदलतं. मुलीला दोष कोणीच दिलेला नाही ताई, तुम्ही बाकीच्यांना आळशी म्हणालात ते मागे घ्या.

कोथरूडची आई: आळशी हा शब्द मी वापरलेलाच नाही. पोस्ट परत वाचा.