शनिवारचा पिक्चर, गच्चीवर

सेक्रेटरी (ए-१०१): शनिवारी रात्री ८ वाजता गच्चीवर 'एअर अमेरिका'. १९९०चा आहे. मेल गिब्सन, रॉबर्ट डाउनी ज्युनियर. चटया आपापल्या आणा.

नीलिमाताई (बी-२०४): पुन्हा ढिशूम ढिशूम?

काका (सी-३०२): ताई, हसायला येतं यात. पण खरा किस्सा सिनेमापेक्षा भारी. एअर अमेरिका ही सीआयएची, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याचीच विमान कंपनी. १९६२च्या जिनिव्हा करारात व्हिएतनामशेजारचा लाओस तटस्थ ठरला, परकं सैन्य नको. म्हणून हे पायलट कागदोपत्री खाजगी नोकर. अमेरिकेच्या बाजूने लढणाऱ्या डोंगरातल्या मोंग लोकांसाठी वरून तांदळाची पोती टाकायचे. दारूगोळाही. त्याला म्हणायचे 'हार्ड राइस'.

ओंकार (बी-५०१): म्हणजे कडक भात 😂

काका: तो आमच्याकडे दर रविवारी असतो.

काकू (सी-३०२): मीही या ग्रुपवर आहे.

ओंकार: काका, आज जेवायला आमच्याकडे या 🙏 पण करार पाळतात की नाही हे बघायला कुणी नव्हतं?

काका: होतं ना. भारत, कॅनडा, पोलंड यांचा आयोग. अध्यक्षपद आपल्याकडे! पण अवस्था आपल्या पार्किंग कमिटीसारखी. दिसतं सगळं, पावती कुणाची फाडणार?

सेक्रेटरी: पार्किंगचं इथे नको.

काका: आणि हे ऐका. १२ जानेवारी १९६८. लाओसमधल्या फू फा थी डोंगरावरच्या अमेरिकन रडारवर उत्तर व्हिएतनामची दुमजली पंखांची जुनाट अँटोनोव्ह विमानं चालून आली. एअर अमेरिकाचं हेलिकॉप्टर मागे लागलं आणि दारातून एके-४७ झाडून एक विमान पाडलं. हेलिकॉप्टरने विमान! सिनेमात घातलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

नीलिमाताई: आणि त्यात अफूचं दाखवलंय ते?

काका: तेच खऱ्या पायलटांना झोंबलं. लाओसच्या सैन्यातले बडे लोक अफूच्या धंद्यात होते, हे नक्की. भांडण आहे ते अमेरिकनांनी किती डोळेझाक केली यावर. सिनेमाने सरसकट सगळ्यांना एकाच पोत्यात घातलं, ते मला नाही पटलं.

ओंकार: व्हिएतनाममध्ये सायगावच्या गच्चीवरून शिडीने हेलिकॉप्टरमध्ये चढणारी माणसं, त्या फोटोतलं हेलिकॉप्टर एअर अमेरिकाचंच ना?

काका: हो, २९ एप्रिल १९७५. लोक अमेरिकन दूतावास समजतात, पण ती एका अपार्टमेंटची गच्ची.

सेक्रेटरी: अपार्टमेंटच्या? एनओसी घेतली होती का?

काकू: आधी आपल्या गच्चीची चावी कुणाकडे आहे ते सांगा.