गेहजीच्या वंशजांचं काय चुकलं?

प्रश्न: बायबलमधलं २ राजे ५ (राजांचं दुसरं पुस्तक, अध्याय ५) वाचतेय. अलीशा संदेष्ट्याने नामान सेनापतीचं कोड बरं केलं, पण त्याची भेटवस्तू नाकारली. अलीशाचा चाकर गेहजी नामानामागून धावला, थाप मारली, दोन किक्कार (वजनाचं जुनं माप) चांदी नि दोन पोशाख घेऊन आला. अलीशाच्या शापाने त्याला कोड फुटलं ते ठीक, पण वंशजांनाही? मला नाही पटत.

उत्तर: यहोशवा ७ मधल्या आखानाचंही तेच. मनाई असलेली लूट पुरली स्वतःच्या तंबूत, आय नगरापाशी सुमारे ३६ माणसं मेली भलतीच.

उत्तर: बायबलमधल्याच यहेज्केल पुस्तकाचा अध्याय १८ वाचा. बापाचं पाप मुलाच्या माथी नाही, असं स्पष्ट आहे. घाईने निकाल नको.

प्रश्नकर्ती: यहेज्केलाने जरा हायसं वाटलं! मग अशा लुबाडणुकीची फेड होते तरी कशी?

उत्तर: लेवीय ६ प्रमाणे घेतलेलं मुद्दल परत, अधिक त्याचा पाचवा हिस्सा. येशूला भेटलेला जकातदार जक्कय तर चौपट द्यायला निघाला, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना.