रांजणखळग्यातून बाहेर पडायला खांदा की पिशव्या?

तुकोगंजचा भटक्या
पाऊस ओसरला की इंदूरच्या ट्रेकिंग ग्रुपांवर कॅन्यनिंगची, म्हणजे दोर लावून अरुंद घळी उतरायची, टूम निघते. यंदा सगळे खडकाला अडकवून वर चढायच्या हुकांच्या मागे लागलेत. माझं मत असं की रांजणखळग्यातून, म्हणजे पाण्याने खडकात कोरलेल्या खोल खड्ड्यातून, माणूस निघतो तो जोडीदाराच्या खांद्यावरून. अमेरिकेत युटाच्या वालुकाश्मातले बदनाम खळगेसुद्धा बरेचदा असेच पार होतात: एकाने भिंतीला पाठ लावायची, दुसऱ्याने मांडी, मग खांदा करत काठ गाठायचा. आणि पुढचे पलीकडे निघाल्याशिवाय मागचा दोर ओढायचा नाही. तो ओढला की परत फिरणं संपलं.

रामबागकर ताई
दोराचं पटलं, खांद्याचं नाही. खालच्याचे पाय तळाला लागायला नकोत का? काठोकाठ भरलेल्या खळग्यातून पोहून निघता येतं, कोरड्यात खांदा चालतो. घात करतो तो अर्धा भरलेला: पाणी डोक्यावरून, काठ त्याहून चार-पाच फूट उंच, भिंत गुळगुळीत. तिथे वाळूने भरलेल्या पिशव्या दोराला बांधून पलीकडे फेकायच्या. तिकडे त्यांना पॉटशॉट म्हणतात. पिशव्यांचं वजन आणि काठावर दोराचं घर्षण, एवढ्यावर हलका माणूस झटका न देता चढतो. शिवाय अलीकडच्या काठावरूनच फेकता येतात, आधी पाण्यात उतरायला नको.

महूनाका
आपल्याकडे बेसाल्ट आहे ताई. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा, दगडगोटे फिरून फिरून काठ कसे घासलेत. पिशवी सरकून परत डोक्यात यायची. सरळ खडकाला भोक पाडून दोरासाठी बोल्ट मारा.

तुकोगंजचा भटक्या
भिया, तरंगत तरंगत बेसाल्टला भोक पाडणार? भोक पडेपर्यंत हात गारठून बधिर.

रामबागकर ताई
पिशवी सरकते, खरंय. म्हणून आधी सगळ्यांनी मिळून ताणून बघायची, मग सगळ्यात हलक्याला पाठवायचं. (रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत जेवून आलेल्यांनी हात वर करू नये.)

जुना इंदूरकर
सगळे खालून वर कसं यायचं ते सांगताय. जुलै २०११ मध्ये इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याला अचानक लोंढा आला, माणसं वाहून गेली. वरच्या अंगाला पाऊस असेल तर उतरूच नका. आणि गढूळ कुंडात उडी तर अजिबात नाही, खाली दगड कुठे आहे दिसत नाही. दोराला धरून उतरा.

महूनाका
काका, आम्ही पावसाळ्यानंतरचंच बोलतोय.

तुकोगंजचा भटक्या
काकांचं मान्य. ताई, माझी पद्धत अशी: दोघं उतरतात, तिसरा वर दोर सांभाळतो. नाही जमलं तर त्याच दोराने माघारी. जमलं तर पलीकडचे दोघं त्याला ओढून घेतात.

रामबागकर ताई
म्हणजे तीन माणसं हवीतच. दोघंच असतील तर?

तुकोगंजचा भटक्या
दोघांनी अशा घळीत जाऊ नये.

रामबागकर ताई
इथे आपलं जमायचं नाही. एक वर दोर धरून, दुसरा पिशवीच्या दोराने पलीकडे. माझ्या दृष्टीने दोघं पुरतात.